तंजावरला जायचंय? आम्हा दोघांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं बडोद्याहून तंजावरला जाऊन आलो. लग्न झाल्यापासून, म्हणजे सदतीस वर्षं, ‘जाऊ या एकदा’ चाललं होतं. परत आल्यापासून माझ्या भिशीत, ह्यांच्या कमाटीबागेतल्या सकाळच्या मंडळींत, नातेवाइकांच्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

तंजावरच का? तुमच्या वयाचे लोक काश्मीर, केरळ नाहीतर चारधाम करतात.

रावपुऱ्याचा टॉवर सगळ्यांनी पाहिलेला आहे. रिक्षावाल्याला आपण ‘टॉवरला सोड’ म्हणतो तो. १८९६ चा तो चिमणाबाई टॉवर सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेला आहे. त्या चिमणाबाईंचं माहेर तंजावर, मोहित्यांचं घराणं. १८८० मध्ये लग्न होऊन त्या बडोद्याला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणारे आणि तालावर बोल म्हणणारे गुरू, आले. गौरा आणि कांतिमती ही त्या नर्तकींची नावं. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथे विद्यापीठात भरतनाट्यम शिकवत. सुरसागरासमोरच्या संगीत महाविद्यालयात मी लहानपणी तीन वर्षं भरतनाट्यम शिकले, दहावीला सोडलं. त्या इमारतीत ‘तंजोर’ हा शब्द आजोळासारखा वापरला जायचा. ते गाव खरोखर कुठेतरी आहे आणि तिथे गाडी जाते, हे मला बरंच उशिरा उमगलं.

ह्यांचं कारण वेगळं. शाळेत इतिहासाच्या गुरुजींनी सांगितलं होतं की तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरलेला आहे. तो आपल्या डोळ्यांनी वाचायचा, एवढंच ह्यांच्या मनात होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सुरसागरच्या काठावर बसून कुठे फिरायला जायचं हे बोलत होतो, तर मी ‘तंजोर’ म्हणाले आणि हे म्हणाले, ‘तंजावर म्हण.’ दोघांना तिथे काय पाहायचंय हे मात्र एकमेकांना विचारायचं राहूनच गेलं. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

मग सदतीस वर्षं का लागली?

तेव्हा पैसे नव्हते, माथेरानला गेलो. १९९६ मध्ये तिकिटं काढली आणि सासूबाईंना अर्धांगवायू झाला. पुढची नऊ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. मग मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न. मार्च २०२० चं आरक्षण होतं, ते सगळ्या देशाचंच रद्द झालं. २०२३ मध्ये माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कोणी मुद्दाम अडवलं असं एकदाही झालं नाही. दर वेळी कारण खरंच होतं. पण ऑपरेशननंतर वॉकर घेऊन घरातल्या घरात चालत होते, तेव्हा हे म्हणाले, ‘तू जिना चढायला लागलीस की त्या दिवशी तिकीट.’ सोळा महिन्यांनी काढलं.

बडोद्याहून कसं जायचं?

आम्ही नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नईला गेलो. साधारण दीड दिवस गाडीत जातो. थेपले, लीलो चिवडा आणि दह्याऐवजी लोणचं न्या. चेन्नईत ही गाडी सेंट्रलला पोचते आणि तंजावरच्या बहुतेक गाड्या एग्मोरहून सुटतात. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये रिक्षा करावी लागते. जोडगाडी काढताना हातात निदान चार-पाच तास ठेवा. आम्ही मधे आराम करून रात्रीच्या उळवन एक्स्प्रेसने गेलो आणि सकाळी तंजावरात उतरलो. दिवसाच प्रवास करायचा असेल तर चोळन एक्स्प्रेस आहे, ती कुंभकोणमवरून जाते आणि खिडकीतून कावेरीच्या खोऱ्यातली भातशेती दिसते. विमानाने जायचं तर तिरुचिरापल्लीला उतरा, तिथून तंजावर साठेक किलोमीटर.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. तिकीट काढताना तो निवडायला विसरू नका. पोंगलच्या आठवड्यात चेन्नईहून गावाकडे निघणाऱ्या गाड्या आपल्याकडच्या दिवाळीसारख्या भरतात. आम्ही साठाव्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसलो होतो.

उत्तरायण सोडून कोणी जातं का?

जावई अजूनही हेच विचारतात. बडोद्यात संक्रांतीला गच्चीवर नसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. उंधियू-जलेबीचं ताट डोळ्यांसमोर होतं. पण त्याच दिवशी तिकडे पोंगल असतो, आणि दुसऱ्या दिवशी, माट्टू पोंगलला, मोठ्या देवळातल्या नंदीला भाज्या, फळं आणि मिठाईने सजवतात. वांगी, भोपळे, केळी, गाजरं, लाडू यांच्या माळा त्या दगडी मानेवर चढतात. नंदी एकाच दगडाचा, माणसाहून उंच. ती सजावट पाहायला गावोगावचे शेतकरी कुटुंबासह आले होते.

एरवी डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तिकडे परतीचा मोठा पाऊस असतो. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका, देवळाच्या आवारात अनवाणी चालायचं आहे.

किती दिवस हवेत?

सात रात्री राहिलो. पर्यटन कंपन्या तंजावरला अर्धा दिवस देतात: उतरा, फोटो काढा, बसमध्ये बसा. एवढ्यासाठी जाऊ नका.

गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल. मोठं देऊळ सपाट आहे, अंतर मात्र बरंच चालावं लागतं. गाभाऱ्यापाशी जायला उंच पायऱ्या आहेत, तिथे सावकाश. दरवाजाबाहेर चप्पल काढली की पुढचं सगळं अनवाणी, आणि दगड अकरा वाजता तापायला लागतो. जाड मोजे न्या. सकाळी सहाला देऊळ उघडतं, तेव्हाच जा. दुपारी बंद असतं, पुन्हा चारनंतर. आम्ही रोज सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात असे जात होतो.

राहायच्या जागेबद्दल एक सांगते. आम्ही फोनवर तीनदा विचारून तळमजल्यावरची खोली ठरवली होती. गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरची किल्ली हातात ठेवली, लिफ्ट नाही. पोंगलची गर्दी होती, दुसरी खोली मिळेना. पहिली रात्र मी पायरी-पायरीवर बसत चढले. दुसऱ्या दिवशी जागा बदलली. फोनवरच्या बोलण्यावर राहू नका, मजला आणि लिफ्ट दोन्ही लेखी मागून घ्या.

मोठ्या देवळात नेमकं काय पाहायचं?

पहिला राजराज चोळ याने बांधलेलं हे बृहदीश्वराचं देऊळ १०१० मध्ये पुरं झालं. गाभाऱ्यावरचं विमान, म्हणजे आपण ज्याला शिखर म्हणू ते, तेरा मजल्यांचं, सुमारे दोनशे फूट उंच आणि पूर्ण ग्रॅनाइटचं. आजूबाजूला नजर पोचेल तिथपर्यंत भातशेती, डोंगर नाही. एवढा दगड दुरून आणावा लागला असणार. आत जाताना पहिला दरवाजा मराठ्यांच्या काळातला, त्याच्या आत चोळांची दोन गोपुरं. नंदी आणि त्याचा मंडप नायकांच्या, म्हणजे मराठ्यांआधी इथे राज्य करणाऱ्या घराण्याच्या, काळातला. आवारात वायव्येला सुब्रह्मण्याचं छोटं देऊळ आहे, तेही नायकांचं. त्याच्या भिंतीवरची नाजूक नक्षी बहुतेक लोक न पाहताच निघून जातात. नैऋत्येला गणपतीचं देऊळ आहे, ते तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी नव्याने बांधून घेतलं. एका आवारात चोळ, नायक आणि मराठे असे तिघं शेजारी उभे आहेत. 

गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. वर नायकांच्या चित्रांचा थर होता, त्याखाली ती आहेत हे १९३१ मध्ये लक्षात आलं. तिथे आत सोडत नाहीत. आवारातल्या माहिती केंद्रात त्यांच्या प्रतिकृती लावल्या आहेत, त्या पाहा.

शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, हे खरं का?

पडते. सकाळी सात वाजता आम्ही त्या सावलीतच बसलो होतो.

मराठी शिलालेख कुठे आहे? आपल्याला वाचता येतो का?

आवाराच्या नैऋत्य कोपऱ्यात, प्राकाराच्या भिंतीवर. गणपतीच्या देवळाकडे गेलात की सापडतोच. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये तो कोरवून घेतला, मजकूर त्यांच्या चिटणिसांनी, बाबुरावांनी, लिहिला. भोसले घराण्याची हकीकत पूर्वजांपासून त्यांच्या काळापर्यंत आली आहे.

हे निवृत्तीनंतर मोडी शिकले होते, खास यासाठी. दोन वर्षं दर रविवारी वर्गाला जात. तिथे पोचल्यावर पाहतो तर भिंतीवर मोडी नव्हतीच, बाळबोध होती, आपली देवनागरी. दरबारचे कागद मोडीत आणि देवळातला लेख बाळबोधीत. हे क्षणभर गप्प उभे राहिले आणि मग मला म्हणाले, ‘अगं, मग तूपण वाचू शकशील.’ दोन वर्षांची मेहनत अशी बाजूला पडली आणि त्यांच्या तोंडावर आनंदच होता.

वाचता येतो, पण सोपा नाही. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नाही, अक्षरं एका ओळीत सलग चालली आहेत. काही जागी दगड झिजला आहे, काही जागी बुरशीचा काळा थर. हे बोट हवेत धरून, दगडाला न लावता, एकेक अक्षर म्हणत जायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायची. शब्द कुठे संपला हे ऐकल्यावरच कळतं. चौथ्या-पाचव्या वेळी आम्हाला युक्ती सापडली: मोठ्याने, एका सुरात, पोथी वाचल्यासारखं म्हणायचं. मग ‘राजे’, ‘आणि’, ‘त्यांचे पुत्र’ असे ओळखीचे शब्द कानाला आपोआप सुटे होतात. सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा अक्षरांच्या कडा उठून दिसतात. दुपारी सगळी भिंत सपाट होते.

तिसऱ्या दिवशी देवळातला रखवालदार जवळ आला. मला वाटलं, हटकणार. त्याला हिंदी येत नव्हती, आम्हाला तमिळ नाही. त्याने भिंतीकडे बोट दाखवून ‘मराट्टी?’ विचारलं आणि मग आमच्याकडे बोट दाखवून पुन्हा तेच. हे मान डोलावून ‘हो, मराठी’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. आम्ही घरून तिळगुळाचा डबा नेला होता. त्याला दिला आणि मी सवयीने ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हटलं. त्याने दोन्ही हात पुढे करून घेतला, डोळ्यांना लावला आणि खाल्ला. त्यानंतर रोज सकाळी तो आमच्यासाठी कट्ट्यावरची सावलीतली जागा राखून ठेवायचा.

नाच शिकलेल्या माणसाने काय पाहावं?

हा प्रश्न मला मुद्दाम विचारणाऱ्या तिघी-चौघी आहेत, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

राजराजाने आपल्या शिलालेखात चारशे नर्तकींची नावं कोरून ठेवली आहेत. निरनिराळ्या देवळांतून त्यांना आणून इथे देवळाभोवतीच्या गल्ल्यांमध्ये घरं दिली. कोणती बाई, कुठल्या देवळातून आली, कुठल्या रस्त्यावर कितवं घर, तिला वर्षाला भाताचा किती वाटा, हे सगळं दगडावर आहे. लेख जुन्या तमिळमध्ये आहे. आम्ही सोबत घेतलेल्या गाइडने मला त्यातली काही नावं म्हणून दाखवली. प्रत्येकीच्या नावाआधी ‘नक्कन्’ असं लागतं. मी त्याच्यामागून म्हणत गेले. हजार वर्षांपूर्वीच्या बायका, एकेकीचं नाव आणि पत्ता. आमच्या वर्गात पंधरा मुली होतो, त्यांतल्या सहा जणींचीच नावं आज मला आठवतात.

वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नाचातल्या मूळ हालचालींपैकी, ८१ कोरलेली आहेत, पुढच्या जागा तशाच कोऱ्या राहिल्या. काम का थांबलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. तिथे वर जाऊ देत नाहीत. मी विचारून पाहिलं, उत्तर नाही असंच होतं. हे मला आधीपासून माहीत असूनही वाईट वाटलं, ते लपवत नाही. खाली उभी राहून त्या मजल्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

आज आपण अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना या क्रमाने शिकतो. तो क्रम बसवणारे चौघे भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, सरफोजींच्या दरबारी होते. सरफोजींनी स्वतः नाचासाठी मराठीत निरूपणं रचली. म्हणजे भरतनाट्यम एके काळी मराठी शब्दांवर नाचलं गेलं, आणि मी बडोद्यात ते शिकताना बोल पाठ करायचे तर अर्थ कळत नाही म्हणून रडायची. हे सगळं ह्यांनी मला कावेरीच्या काठावर, वाचून ठेवलेल्या टिपणांतून सांगितलं. ह्यांना नाचातलं काही कळत नाही असं मी सदतीस वर्षं समजत होते. माझ्यासाठी म्हणून त्यांनी ते वाचून काढलं होतं.

सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखितं हाताळायला मिळतात का?

सर्वसाधारण पाहुण्यांसाठी तिथे संग्रहालयाचं दालन आहे, मूळ साठा अभ्यासकांसाठी. नायकांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजींनी वाढवला, १९१८ मध्ये तो सार्वजनिक झाला. ताडपत्रं, नकाशे, चित्रं, संस्कृत-तमिळ-तेलुगू-मराठी हस्तलिखितं, आणि मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. सरफोजी डोळ्यांचे उपचार करीत आणि रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून नोंदी ठेवीत. ती चित्रं पाहताना हे काचेला नाक लावून उभे होते. त्यांचं स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या वर्षीच झालं होतं.

आणखी एक गोष्ट, बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी नाही, पण प्रत्येक मराठी वाचणाऱ्याला माहीत असावी अशी. सरफोजींनी १८०५ मध्ये राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी इसापनीतीचं मराठी भाषांतर तिथे छापलं गेलं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीला, तंजावरचे दुसरे शहाजी राजे, शिवाजी महाराजांचे पुतणे, इथे मराठीत नाटकं लिहीत होते. सांगलीला १८४३ मध्ये मराठी नाटक उभं राहिलं त्याच्या दीडशे वर्षं आधी. शाळेत हे आम्हाला एका ओळीत सांगितलं असतं तरी चाललं असतं.

ग्रंथालयाची स्वतःची प्रकाशनं विकत मिळतात, मराठीतलीसुद्धा. बॅगेत जागा ठेवा. निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या.

राजवाडा?

पाहा, पण अपेक्षा बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याची ठेवू नका. दरबार हॉलचे रंगीत खांब सुंदर आहेत, बाकी बराच भाग पडझडीचा. त्याच आवारातल्या कलादालनात चोळांच्या काशाच्या मूर्ती आहेत. त्यांच्यासाठी दोन तास द्या. हात जोडून उभ्या असलेल्या सरफोजींचा संगमरवरी पुतळाही तिथेच आहे.

तिथे अजून मराठी बोलणारे भेटतात का?

भेटतात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला आले, १८५५ मध्ये कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. राज्य गेलं तरी माणसं राहिली. समर्थांच्या परंपरेतले मठ आहेत. मराठी कीर्तनकारांकडून तिकडच्या हरिकथेने साकी, दिंडी, ओवी, अभंग उचलले, तंजावर कृष्ण भागवतरांनी तो बाज तमिळमध्ये रुजवला.

आम्हाला मठाबाहेर एक आजी भेटल्या. आमचं बोलणं ऐकून थांबल्या. त्यांची मराठी समजायला मला दोन मिनिटं लागली: क्रियापदं ओळखीची, सूर पूर्ण तमिळ. कोण, कुठले, मुलं किती, हे सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, घरी चला. घरी उडदाच्या पिठाचं डांगर होतं, दह्यात कालवलेलं; तिकडे त्याला डांगर पच्चडी म्हणतात. सोबत चिंचेचं सार. त्यांच्या माजघरात कोणी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. आजी ह्यांना ‘बडोदे म्हणजे पुण्याजवळ का?’ असं विचारत होत्या, आणि हे जमिनीवर बोटाने नकाशा काढून सांगत होते की आम्हीही तुमच्यासारखेच, तिकडच्या बाजूला गेलेले.

भाषेची अडचण?

हिंदीवर फार विसंबू नका. चार शब्द पुरतात: तण्णी म्हणजे पाणी, साप्पाडु म्हणजे जेवण, पोदुम् म्हणजे पुरे, वेण्डाम् म्हणजे नको. ‘एव्वळवु’ म्हणजे किती. हा शब्द आपल्या तोंडी चटकन बसतो, कारण ळ आपल्यालाही येतो. ‘पोदुम्’ आधी शिका. केळीच्या पानावर वाढणारा थांबत नाही.

जेवणाचे हाल झाले का?

अजिबात नाही. भात तीनदा येतो: सांबारासोबत, रसमसोबत, ताकासोबत. काकडी-मुगाची कोसुमल्ली म्हणजे नावातच आपली कोशिंबीर. इडलीबरोबर कुंभकोणमचा कडप्पा मागा, मूगडाळ-बटाट्याचा पातळ रस्सा. तिरुवैयारूचा अशोका हलवा मूगडाळीचा असतो, तुपात निथळणारा. ह्यांना चौथ्या दिवशी पोळीची आठवण आली; मला नाही आली.

कॉफी पितळेच्या डबऱ्यात आणि टंबलरमध्ये येते. हातभर उंचावरून ओतून फेस आणायचा असतो. पहिल्या दिवशी ह्यांनी अर्धी सदऱ्यावर ओतली, सहाव्या दिवशी एक थेंब सांडला नाही.

एवढे दिवस चोवीस तास दोघंच. भांडण झालं का?

झालं, राजवाड्यात. हे काचेच्या कपाटांपाशी तीन तास, मी बाहेर दगडावर. पाय सुजला होता, फोन ह्यांच्या खिशात, पाण्याची बाटली ह्यांच्याकडे. बाहेर आल्यावर मी बरंच बोलले. त्यात १९९६ पण निघालं, जे निघायला नको होतं. संध्याकाळी ह्यांनी स्वतःच ठरवलं: सकाळ माझी, संध्याकाळ त्यांची, आणि ज्याची वेळ असेल त्याच्या आवडीचं दुसऱ्याने पाहायचं. पाण्याची बाटली दोघांकडे एकेक. जाणाऱ्या जोडप्यांना माझा हा पहिला सल्ला आहे. घरात आपापल्या खोल्या असतात, कामं असतात. प्रवासात ते काही नसतं.

आसपास काय करावं?

तिरुवैयारू, तेरा किलोमीटर, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी. पौष वद्य पंचमीला आराधना असते, शेकडो गायक-वादक समोरासमोर बसून त्यांची पंचरत्न, म्हणजे पाच, कीर्तनं एकत्र म्हणतात. आम्हाला तो दिवस मिळाला. ही समाधी नीट बांधून घेणाऱ्या बंगळूर नागरत्नम्मा देवदासी परंपरेतल्या होत्या. तेव्हा तिथे बायकांना गाऊ देत नसत, त्यांनी बायकांचं स्वतंत्र गाणं सुरू केलं. त्यांची समाधीही तिथेच आहे, तिला नमस्कार करून या.

कुंभकोणमजवळचं दारासुरमचं ऐरावतेश्वराचं देऊळ लहान पण अतिशय बारीक कोरीव कामाचं. स्वामीमलईला मेणाच्या साच्यावरून मूर्ती ओततात, कारखान्यात उभं राहून पाहू देतात.

खरेदी आणि खर्च?

मान हलवणारी बाहुली घ्या, कागदात नीट गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. तंजावर चित्र घ्यायचं तर घाई करू नका: वर्ख सोन्याचा आहे का, खाली लाकूड कुठलं, हे विचारा. सरकारी पुम्पुहार दुकानात आधी भाव पाहून मग बाजारात जावं. आमचा दोघांचा सगळा मिळून ५० हजारांच्या आत खर्च झाला, त्यात खरेदी १२ हजारांची.

एवढी वर्षं वाट पाहून गेल्यावर निराशा नाही झाली?

पहिल्या सकाळी थोडी झाली. दरवाजासमोर रहदारी, हॉर्न, फुलवाल्यांची गर्दी. माझ्या मनातल्या तंजोरमध्ये रस्ताच नव्हता. आत गेल्यावर विमान दिसलं तेव्हाही मला रडू वगैरे आलं नाही. रडू आलं ते नर्तकींची नावं म्हणताना, आणि तेव्हा ह्यांनी काही न विचारता रुमाल पुढे केला.

पुन्हा जाणार का?

वहीत आमची नक्कल शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे यांच्या कर्नाटकातल्या हकिकतीपर्यंत पोचली आहे. पुढची भिंत राहिली. पुढच्या पौषात जायचं ठरलंय. आरक्षण उघडण्याचा दिवस स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवला आहे, आणि रखवालदारासाठी तिळगुळाचा डबा या वेळी वेगळा.